आमच्या बोअरच्या पाण्यातले मासे

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

कुणी भाकरी थापत असाल, कुणी शेतातून येऊन टेकल्या असाल, कुणी लेकराला मांडीवर घेऊन ऐकत असाल. तुम्हा सगळ्या जणींना आमच्या गटाचा रामराम.

आम्ही जिंतूर तालुक्यातल्या एका गावच्या बाया. गटात अकरा जणी आहोत. शेळ्या पाळून झाल्या, मसाला कुटून झाला, दिवाळीला शेवया-कुरडयाही विकल्या. आज मात्र आम्ही माशांबद्दल बोलणार आहोत. रश्शातले मासे नव्हेत, काचेच्या टाकीत पाळायचे मासे. आता तुम्ही म्हणाल, हे शहरातल्या श्रीमंतांचं खूळ आपल्याला कशाला? आमच्या गटातही सहा जणी हेच म्हणत होत्या. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि सुरुवातीला तर तेच खरं ठरलं. म्हणून आधी आमची फजिती सांगतो, मग रीत सांगतो.

एप्रिल महिना होता. गहू, हरभरा निघून गेला होता, हाताला थोडी सवड होती. आमच्यातल्या पाच जणींनी गटातून १०,००० रुपयांचं अंतर्गत कर्ज घेतलं. चार फुटी काचेची टाकी, हवेचा पंप, दिवा आणि पिवळेधमक १५ मासे आणले. एक मासा ८० रुपयांना. दुकानात याला आफ्रिकन सिक्लिड म्हणतात, कुणी चिचलीडही म्हणतं. टाकी सकाळी आणली, दुपारी बोअरच्या पाण्यानं भरली आणि संध्याकाळी मासे सोडले. "आजच सोडले तर चालतील का?" असं दुकानात विचारलं होतं. "चालतंय की," असं उत्तर मिळालं. आम्हाला तेच ऐकायचं होतं, म्हणून पुढं काही विचारलं नाही.

टाकी ठेवली पत्र्याच्या खोलीत, खिडकीजवळ, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावी म्हणून. लेकरांची जत्रा भरली. जो येईल तो चिमूटभर खाणं टाकी. तिसऱ्या दिवशी दोन मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले. चौथ्या दिवशी तीन उलटे तरंगत होते. नवव्या दिवसापर्यंत ११ मासे गेले. पाणी दिसायला अगदी स्वच्छ होतं, म्हणून कुणाला काही कळेना. गावात चर्चा सुरू झाली, "काय करायल्यात या बाया? इथं प्यायला पाणी पुरंना अन् यांनी मासे आणले!"

त्या महिन्याची बैठक आम्ही विसरणार नाही. कुणी म्हणालं, उरलेले चार मासे परत द्या. कुणी म्हणालं, टाकी मोडीत काढा. एक मावशी काही बोलली नाही, पण तिनं नोंदवही पुढं ओढली आणि कर्जाच्या पानावर बोट ठेवलं. ते बोट बोलण्याहून जड होतं. गटाचा पैसा म्हणजे कुणाच्या तरी वेचणीची मजुरी, कुणाच्या दुधाचे पैसे. तो पाण्यात बुडाला, असं अक्षरशः झालं होतं.

त्याच आठवड्यात एका ताईची भाची सुट्टीला आली. ती उदगीरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयात शिकते. आम्हाला वाटलं, ही आता काहीतरी औषध सांगेल. तिनं आधी विचारलं, "पाणी कुठलं?" आम्ही म्हणालो, "बोअरचं. लई जड आहे. त्यानंच मेले असतील." ती हसली. म्हणाली, "नाही मावशी. पाणीच तर तुमचं बरोबर आहे. घाई चुकली."

मैत्रिणींनो, आज आम्हाला सांगायचंय ते एवढंच आहे. बाकी सगळा त्याचाच विस्तार आहे.

आपल्या बोअरच्या पाण्याला आपण जन्मभर नावं ठेवतो. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, हंड्याला पांढरा थर बसतो, केस राठ होतात. जमिनीत मुरलेलं पाणी खडकातून झिरपताना त्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियमसारखे क्षार सोबत घेऊन येतं. म्हणून ते जड. आता आफ्रिकेतलं मालावी सरोवर बघा. लांबी जवळजवळ ५८० किलोमीटर, म्हणजे इथून मुंबई गाठावी एवढं लांब तळं. खोली काही ठिकाणी ७०० मीटर. नद्यांचं पाणी त्यात येतं, पण त्यातलं बरंचसं उन्हानं वाफ होऊन उडून जातं आणि क्षार मागं राहतात. त्या पाण्याचा सामू साधारण ७.७ ते ८.६ असतो. सामू हा शब्द तुम्ही मातीच्या आरोग्य पत्रिकेवर वाचला असेल. ७ म्हणजे मधला, त्याच्या वर गेला की पाणी विम्लधर्मी. मालावीचं पाणी आपल्या कितीतरी बोअरइतकं जड नसतं, पण सामू असाच चढा असतो. आणि तिथले मासे जास्तीचे क्षार सहज सोसतात. शेजारच्या टांगानिका सरोवराचं पाणी तर त्याहून जड आणि सामूही जास्त चढा. या माशांना गोड, हलकं, आरओचं पाणी दिलं तर उलट ते खंगतात. शहरातले हौशी लोक नळाच्या हलक्या पाण्यात मुद्दाम क्षार घालून हे मासे पाळतात. आपल्याला ते फुकट मिळतं.

तुमचं पाणी कसं आहे हे अंदाजानं ठरवू नका. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायचं शिक्षण आणि तपासणी संच द्यायचा, असं ठरलेलं आहे. आमच्या गटातल्याच एकीनं ते शिक्षण घेतलंय. तिनं तपासलं तर सामू ८.२ निघाला आणि कठीणपणा ४०० च्या वर. पिण्याच्या पाण्याला २०० बरा, दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे आम्हाला त्रासाचं, पण माशांना मानवणारं. तुमच्या गावातल्या त्या पाच जणींना शोधा. संच कपाटात धूळ खात असेल तर बाहेर काढा. माशांसाठी नाही तरी लेकरांसाठी उपयोगी पडेल.

मग मासे मेले कशानं? तर त्यांच्याच घाणीनं.

हे आपल्याला समजायला अवघड नाही. ताजं शेण पिकाच्या बुडाशी टाकलं तर काय होतं? पीक जळतं. तेच शेण उकिरड्यात कुजलं की सोनं होतं. माशाची विष्ठा आणि उरलेलं खाणं यांपासून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो ताज्या शेणासारखा जाळतो. टाकीत काही जिवाणू असतात. ते अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. मग दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट थोडं साठलं तरी मासे सोसतात, आणि पाणी बदललं की ते निघून जातं. पण नव्या टाकीत हे जिवाणू नसतातच. ते स्पंजावर, दगडावर, वाळूत वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. आणि इथंच आपल्या पाण्याची मेख आहे. सामू जितका चढा आणि पाणी जितकं गरम, तितका अमोनिया जास्त विषारी होतो. आमचा सामू ८.२, महिना एप्रिल, वर पत्रा, आणि लेकरं मुठीनं खाणं टाकत होती. जे पाणी या माशांना मानवतं, तेच पाणी घाई माफ करत नाही.

आता रीत सांगतो. कागद-पेन घ्या.

पहिली गोष्ट जागा. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत अडीचशे लिटर पाणी मावतं. पाणी, काच, दगड, वाळू मिळून वजन साडेतीन क्विंटलच्या घरात जातं. सिमेंटची सात पोती एका जागी रचली असं समजा. लाकडी टेबलाचं ते काम नाही. विटांचा ओटा करा, वर सपाट फरशी टाका, फरशी आणि काच यांच्या मध्ये थर्माकोल घाला. फरशी तिरकी असेल तर काच तडकते, म्हणून गवंड्याकडून पातळी बघून घ्या. ऊन नको. चुलीचा धूर, अगरबत्ती, डासांची कॉइल त्या खोलीत नको, कारण हवेचा पंप खोलीतलीच हवा पाण्यात सोडतो. आम्ही आता टाकी माळवदाच्या जुन्या घरात हलवलीय. मातीच्या जाड भिंती, वर मातीचं धाबं. मे महिन्यात पत्र्याखाली बसवत नाही, तिथं मात्र बरं वाटतं. माणसाला जिथं दुपारी झोप लागते, तिथं मासाही राहतो.

दुसरी गोष्ट दगड. या माशांना मालावीकाठचे कोळी 'म्बुना' म्हणतात, म्हणजे दगडात राहणारा मासा. त्याला लपायला कपारी लागतात. आपला काळा दगड उत्तम. शहाबादी फरशीचे तुटके तुकडे, फुटक्या माठाची खापरंही चालतात. सगळं घासून, उकळत्या पाण्यानं धुऊन घ्या. दगड आधी रचा, वाळू नंतर टाका. कारण हे मासे वाळू उकरतात. वाळूवर रचलेला दगड खालून पोखरला जातो, ढासळतो आणि काच फोडतो. वाळू नदीची चालेल, पण गढूळपणा जाईपर्यंत दहा-बारा पाणी धुवा. झाडं लावायच्या फंदात पडू नका. उकरून, कुरतडून टाकतात.

तिसरी गोष्ट पाणी. बोअरचं पाणी थेट चालतं, फक्त ते रात्रभर पिंपात ठेवून त्यात हवा सोडा. ग्रामपंचायतीच्या नळाचं असेल आणि त्यात टीसीएल पावडर टाकलेली असेल, तर एक दिवस हवा सोडून ठेवा किंवा दुकानातलं क्लोरीन घालवायचं औषध थोडं टाका. पिंप फवारणीच्या औषधाचं नको. कितीही धुतलं तरी नको. आणि फवारणी करून आलेल्या हातानं टाकीत हात घालू नका. बोंडअळी मारणारं औषध माशालाही मारतं.

चौथी गोष्ट विरजण. हो, विरजणच. दूध नुसतं ठेवून दही लागत नाही, ते नासतं. चमचाभर जुनं दही लागतं. तसं ज्यांच्याकडे जुनी, निरोगी माशांची टाकी आहे, त्यांच्याकडून वापरातला स्पंज मागून आणा आणि आपल्या टाकीत सोडा. ओलाच आणा, वाटेत सुकू देऊ नका. चार फुटी टाकीला हवेवर चालणारे दोन मोठे स्पंज गाळण म्हणून पुरतात. मग मासे न सोडता रोज चिमूटभर माशांचं खाणं टाकायचं, म्हणजे जिवाणूंना काम मिळतं. अमोनिया आणि नायट्राइट तपासायचा छोटा संच शोभिवंत माशांच्या दुकानात मिळतो. रोजचं खाणं टाकूनही दोन्ही शून्य यायला लागले की दही लागलं. तोवर मासे आणायचे नाहीत. नुसत्या पाण्याची टाकी महिनाभर चालवताना गाव हसतं. हसू द्या.

आमच्याकडे चार मासे जिवंत होते, त्यामुळे आम्हाला थांबता आलं नाही. आम्ही पाळी लावली. रोज निम्मं पाणी बदलायचं, दिवसाआड कणभर खाणं. भर मे महिन्यात आठ-आठ बादल्या. एकीची पाळी चुकली तर दुसरी न सांगता करायची. ज्या सहा जणी विरोधात होत्या, त्यांतल्या दोघी तिसऱ्या आठवड्यापासून आपणहून बादली घेऊन यायला लागल्या. तोवर कुणी त्यांना बोलावलं नव्हतं. चारही मासे जगले.

पाचवी गोष्ट मासे निवडणं. दुकानात 'मिक्स आफ्रिकन' म्हणून रंगीबेरंगी पिल्लं एकत्र विकतात. ती नवख्यांनी घेऊ नयेत. मोठी झाली की एकमेकांचे कल्ले फाडतात. सुरुवातीला 'यलो लॅब' नावाचा पिवळा मासा घ्या. बोटाएवढा वाढतो आणि त्याच्या जातीत तो त्यातल्या त्यात शांत. एक-दोन न आणता दहा-बारा आणा. ऐकायला उलटं वाटेल, पण दोन-तीनच असले तर दांडगा मासा दुबळ्याच्या मागं लागून त्याला मारतो. घोळका असला की मार वाटला जातो. जत्रेत एकावर एक नजर ठेवता येत नाही, तसं. नर कमी, माद्या जास्त असल्या तर बरं. गोल्डफिश, गप्पी, एंजल यांना यांच्यात सोडू नका. आम्ही दोन महिन्यांनी आणखी आठ आणले. चार आणि आठ मिळून बारा झाले.

सहावी गोष्ट खाणं. दिवसातून एकदा किंवा दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. स्पिरुलिना, म्हणजे हिरव्या शेवाळाचं खाणं मिळतं ते मुख्य. कधी उकडलेला वाटाणा साल काढून, कधी पालकाचं वाफवलेलं पान. मांसाचे तुकडे देऊ नका, पोट फुगून मरतात. भात, पोळी, फरसाण अजिबात नको. आम्ही टाकीवर पाटी लावलीय, "आमचं जेवण झालंय." लेकरं वाचतात आणि थांबतात.

आता पाण्याचा प्रश्न. मराठवाड्यात राहून माशांवर पाणी घालवायचं का? प्रश्न बरोबर आहे, आणि विचारणाऱ्याला गप्प बसवू नये. घडी बसलेल्या टाकीचं आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलायचं, म्हणजे चार बादल्या. ते सांडायचं नाही. त्या पाण्यात नायट्रेट असतं, म्हणजे पातळ खतच. आमचं ते पाणी परसबागेत जातं. वांगी, मिरची, शेवगा, कढीपत्ता त्यावर आहेत. जे पाणी झाडांना घालायचंच होतं, ते आधी माशांकडून फिरून येतं. ज्या गावात टँकरवर प्यायचं पाणी येतं, त्या गावात मात्र आम्ही टाकी घ्या म्हणणार नाही.

ऊन आणि वीज, ही आपली दुसरी दोन दुखणी. या माशांना २४ ते २८ अंश मानवतं. पाणी ३० च्या वर गेलं की त्यातली हवा कमी होते आणि मासे वर येतात. परभणीचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. टाकीच्या बाहेरून ओलं गोणपाट लावा, झाकण उघडून जाळी घाला आणि पाण्यावरून पंखा सोडा. माठ गार होतो त्याच न्यायानं पाणी दोन-तीन अंश उतरतं. दुपारी खाणं देऊ नका. थंडीत उलटा प्रकार. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पारा एक आकडी होतो, तेव्हा दोनशे वॉटचा हीटर रात्री लागतो. वीज बिल तिथं वाढतं. हवेचा पंप पाच वॉटचा असला तर महिनाभर रात्रंदिवस चालून चार युनिटही जळत नाहीत.

वीज गेली तर? आमच्याकडे बॅटरीवरचा फवारणी पंप आहे. त्याची बॅटरी १२ व्होल्टची. १२ व्होल्टवर चालणारा छोटा हवेचा पंप मिळतो, तो आम्ही तिला जोडतो. तेही नसेल तर तांब्यानं पाणी काढून हातभर उंचीवरून परत टाकीत धार धरायची. देवाला अभिषेक करतो तसं. रात्री दोन वाजता आम्ही ते केलंय. बराच वेळ वीज नसेल तर स्पंजातले जिवाणू गुदमरून मरतात, म्हणून पंप सुरू करण्याआधी स्पंज टाकीतल्याच पाण्यात पिळून घ्या. नळाखाली धुवायचा नाही, नाहीतर विरजणच वाहून जातं.

आता एक गोष्ट जीव लावून सांगतो.

दिवाळी झाली. एक मादी खाईना. जबडा खाली फुगलेला, कोपऱ्यात दगडाआड उभी. पहिल्या चारांतली होती ती. आम्हाला धसकाच बसला. उदगीरला फोन लावला. भाची म्हणाली, "तिला काही झालं नाही. तिच्या तोंडात अंडी आहेत." हे मासे अंडी तोंडात उबवतात. साधारण तीन आठवडे मादी ती तोंडात घेऊन फिरते. त्या काळात जवळजवळ काही खात नाही, कारण गिळलं तर पिल्लंच गिळली जातील. दुसरे मासे त्रास देतात, म्हणून दोन आठवड्यांनी तिला वेगळ्या लहान टाकीत ठेवायचं. त्या टाकीला एका अक्कानं नाव दिलं, 'माहेर'. तेच नाव राहिलं. एकविसाव्या दिवशी सकाळी झाडलोट करताना दिसलं, तिनं तोंड उघडलं आणि एकेक करून पिल्लं बाहेर आली. तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी, १७ पिल्लं. ज्या मावशीनं कर्जाच्या पानावर बोट ठेवलं होतं, तिनं ती मोजली. तीनदा मोजली. मग म्हणाली, "बाळंतिणीला आता पोटभर घाला."

पैशाचं खरं सांगतो. पहिल्या वर्षात तीन वेळा पिल्लं झाली, त्यांतली ४७ जगली. ३२ विकली, ६० रुपयांना एक. १,९२० रुपये आले. म्हणजे माशांच्या जोरावर कर्ज फिटलं नाही. ते आम्ही पाच जणींनी मजुरीतून फेडलं. कुणी तुम्हाला सांगत असेल की एका टाकीतून महिन्याला हजारो सुटतात, तर त्याला त्याची नोंदवही दाखवायला सांगा. पुढं वाढवायचं असेल तर सिमेंटची टाकी, ठरलेलं गिऱ्हाईक आणि शिक्षण लागतं. कोकणात कांदळवन भागातल्या बचत गटांच्या बाया शोभिवंत मासे पाळतात, त्यांच्यामागे शासनाची योजना आहे. आपल्यासाठीही २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत घरामागच्या जागेत शोभिवंत मासे वाढवण्याचा प्रकल्प आहे, आणि महिलांना खर्चाच्या ६० टक्क्यांपर्यंत मदतीची तरतूद आहे. सध्या अर्ज घेतात का, कागद काय लागतात, हे परभणीच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन विचारा. एकटीनं जाऊ नका, दोघी-तिघी जा. आणि आधी एक टाकी एक वर्ष चालवून मगच अर्ज करा.

शेवटची गोष्ट, आणि ही कुणी विसरायची नाही. कंटाळा आला, मासे वाढले, टाकी फुटली, काहीही झालं तरी हे मासे विहिरीत, शेततळ्यात, पूर्णेत, दुधनेत, गोदावरीत किंवा येलदरीच्या पाण्यात सोडायचे नाहीत. उजनीकडं ज्याला चिलापी म्हणतात तो तिलापिया मासा यांचाच आफ्रिकेतला भाऊबंद. तोही पिल्लं तोंडात सांभाळतो, म्हणून त्याची पिल्लं जास्त जगतात. १९५२ साली तो आपल्या देशात आणला गेला. आज राज्यातल्या कितीतरी जलाशयांत तो इतका झालाय की जाळ्यात इथले जुने मासे कमी आणि तोच जास्त येतो. आपल्या नदीकाठच्या भोई बांधवांचं पोट नदीवर आहे. दया म्हणून सोडलेला मासा त्यांच्या ताटातलं काढून घेऊ शकतो. नको असेल तर दुसऱ्या गटाला द्या, दुकानात परत द्या, शाळेला द्या.

आमच्या टाकीतली पाच पिल्लं आम्ही शाळेला दिलीत. पण आधी गुरुजींकडून महिनाभर नुसत्या पाण्याची टाकी चालवून घेतली. पोरं रोज विचारायची, "मासे कधी?" गुरुजी म्हणायचे, "दही लागलं की." ती पोरं आता अमोनिया म्हणजे काय ते आम्हाला समजावून सांगतात.

तर मैत्रिणींनो, ज्या पाण्यानं आमची डाळ शिजत नाही, त्या पाण्यात आज आमची पिवळी पिल्लं वाढतायत. पाणी तेच आहे. आम्ही तेवढ्या थांबायला शिकलो. अकरा मासे गेले, त्याचं वाईट अजून वाटतं. ते वाईट तुमच्या वाट्याला येऊ नये, म्हणून आज बोललो.

टाकी बघायला यायचं असेल तर बैठकीच्या दिवशी या. येताना एखादी स्वच्छ बरणी आणा. विरजणाचा स्पंज आम्ही कुणाला नाही म्हणत नाही.

रामराम.